प्रबुद्ध दासगुप्ता

प्रबुद्ध दासगुप्ता (जन्म : कोलकाता, २१ सप्टेंबर १९५६, मृत्यू : अलिबाग, १२ ऑगस्ट २०१२) हे भारतीय फॅशन छायाचित्रकार आणि कलाछायाचित्रकार होते. छायाचित्रणाचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेता ते या क्षेत्रात आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी जाहिरात, फॅशन, व्यक्तिचित्रण, नग्नचित्रण आणि भूदृश्य अशा विविध प्रकारांत काम केले. 'विमेन' (१९९६), 'लडाख' (२०००) आणि 'एज ऑफ फेथ' (२००९) हे त्यांचे छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध आहेत. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांना घेऊन त्यांनी टिपलेल्या एका जाहिरातीवरून १९९५ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला दाखल झाला. तो चौदा वर्षे चालला आणि त्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. दासगुप्ता यांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य गोव्यात होते.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

प्रबुद्ध यांचे वडील प्रदोष दासगुप्ता (१९१२–१९९१) हे आधुनिक भारतीय शिल्पकलेतील एक महत्त्वाचे शिल्पकार होते. मद्रास येथे देवीप्रसाद रायचौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पुढे लंडन व पॅरिस येथे त्यांनी शिल्पकलेचा अभ्यास केला. बंगालमधील दुष्काळाच्या काळात, १९४३ मध्ये, स्थापन झालेल्या 'कलकत्ता ग्रुप' या कलावंतांच्या गटाचे ते संस्थापक सदस्य होते. प्रबुद्ध यांच्या आई कमला दासगुप्ता याही शिल्पकार होत्या आणि त्याच गटात होत्या. मुंबईत १९४७ मध्ये उदयास आलेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'शी या गटाचे नाते होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे यांच्या या गटाबरोबर कलकत्ता ग्रुपने १९५० मध्ये कोलकात्यात संयुक्त प्रदर्शन भरवले होते.

१९५७ मध्ये प्रदोष दासगुप्ता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे अभिरक्षक झाले आणि १९७० पर्यंत त्या पदावर राहिले. हे संग्रहालय इंडिया गेटजवळील जयपूर हाउस या जुन्या संस्थानी वास्तूत आहे. प्रबुद्ध यांचे बालपण या परिसरात गेले. चित्रे, शिल्पे आणि ती घडवणारी माणसे त्यांच्या रोजच्या जीवनाचा भाग होती. छायाचित्रणाच्या शाळेत ते कधी गेले नाहीत, तरी त्यांच्या डोळ्यांवर कलेचे संस्कार लहानपणापासूनच झाले होते. मानवी देहाकडे घनाकार म्हणून, प्रकाशात उजळणाऱ्या आणि छायेत विरणाऱ्या वस्तूप्रमाणे पाहण्याची त्यांची पद्धत अनेकदा या शिल्पकारांच्या घराशी जोडली जाते.

शिक्षण आणि जाहिरातक्षेत्र

प्रबुद्ध यांनी दिल्ली विद्यापीठातून इतिहास विषयात पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी 'एव्हरेस्ट' या जाहिरातसंस्थेत कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारा लेखक, म्हणून नोकरी धरली. जाहिरातसंस्थेत लेखक आणि कलादिग्दर्शक जोडीने काम करतात. एका वाक्याला कोणते चित्र हवे आणि एका चित्राला किती शब्द पुरतात, याचा विचार तेथे रोज करावा लागतो. व्यावसायिक छायाचित्रकारांचे काम जवळून पाहण्याची संधीही त्या नोकरीत मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ही नोकरी सोडली आणि पूर्णवेळ छायाचित्रण सुरू केले.

त्या काळातील भारतात छायाचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्था फार थोड्या होत्या. कला महाविद्यालयांच्या उपयोजित कला विभागांत आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत हा विषय शिकवला जाई. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चलच्चित्रणाचा अभ्यासक्रम होता. बहुतेक छायाचित्रकार मात्र एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करून किंवा स्वतःच्या चुकांतून शिकत. फिल्मवर काम करताना चूक लगेच दिसत नसे. चित्र टिपल्यापासून निगेटिव्ह धुऊन प्रिंट हाती येईपर्यंत तास किंवा दिवस लागत, आणि प्रत्येक चुकलेल्या चित्रामागे फिल्म, रसायने व कागद यांचा खर्च होई. त्यामुळे स्वयंशिक्षित छायाचित्रकाराला प्रकाशाचा अंदाज, उद्भासनकाळ आणि डार्करूममधील प्रक्रिया यांची नोंद ठेवत धीराने शिकावे लागे. दासगुप्ता याच पिढीतले होते.

फॅशन छायाचित्रण

दासगुप्ता यांनी पूर्णवेळ छायाचित्रण सुरू केले, तेव्हा भारतीय फॅशन व्यवसायाची उभारणी नुकतीच सुरू झाली होती. दिल्लीत १९८६ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. मुंबईत १९८७ मध्ये तरुण ताहिलियानी यांचे 'आँसाम्ब्ल' हे वस्त्रदालन सुरू झाले. रोहित खोसला, सुनीत वर्मा, रोहित बल यांसारखे वस्त्रसंकल्पक स्वतःच्या नावाने कपडे विकू लागले. शिंप्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या समाजात संकल्पकाच्या नावाला मोल येऊ लागले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर या बदलाला वेग आला. 'एल' या मासिकाची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आणि 'व्होग'ची २००७ मध्ये निघाली. त्याआधीच्या काळात फॅशनच्या छायाचित्रांना स्वतंत्र मासिके जवळजवळ नव्हती. त्यांची जागा महिलांची नियतकालिके, चित्रपटविषयक पाक्षिके आणि जाहिराती यांतच असे.

या काळात मेहेर जेसिया, मधू सप्रे, फिरोज गुजराल, श्यामोली वर्मा या मॉडेलना देशभर ओळख मिळाली. त्यांना भारतातील पहिल्या 'सुपरमॉडेल' म्हटले जाते. दासगुप्ता यांनी या पिढीबरोबर विपुल काम केले. तोवरच्या फॅशन छायाचित्रांत कपडा स्पष्ट दिसणे आणि चेहरा हसरा असणे पुरेसे मानले जाई. दासगुप्ता यांच्या छायाचित्रांत व्यक्तीची मुद्रा, तिचा देह आणि भोवतालची रिकामी जागा यांना कपड्याइतकेच महत्त्व असे. पुढे 'व्होग', 'एल', 'हार्पर्स बझार' आणि 'जीक्यू' या मासिकांत त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. १९९१ मध्ये त्यांना छायाचित्रणासाठी इव्ह सँ लॉराँ अनुदान मिळाले.

'कामसूत्र'ची जाहिरात

१९९१ मध्ये 'कामसूत्र' या नावाचे निरोध बाजारात आले. त्यांची जाहिरात अ‍ॅलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या लिंटास संस्थेने केली. पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सन हे मॉडेल असलेली या मोहिमेतील छायाचित्रे दासगुप्ता यांनी टिपली होती.

ही जाहिरात ज्या पार्श्वभूमीवर आली, ती लक्षात घेणे आवश्यक आहे. केंद्र सरकारने १९६८ पासून 'निरोध' या नावाने या साधनाचा देशभर प्रसार केला होता. ते नाव इतके रुजले की मराठीत तो या वस्तूसाठीचा सामान्य शब्दच बनला. मात्र सरकारी प्रचाराचा सूर लोकसंख्यानियंत्रणाचा आणि कर्तव्याचा होता. 'कामसूत्र'च्या जाहिरातीत प्रथमच स्त्री-पुरुषांच्या परस्परसुखाचा विचार उघडपणे मांडला गेला. 'डेबोनेर' मासिकाच्या एका अंकातील जाहिरातींची सर्व पाने घेऊन ही मोहीम सुरू झाली. तिच्यावर मोठी टीका झाली, पण भारतीय जाहिरातीच्या इतिहासात ती एक निर्णायक टप्पा मानली जाते.

'टफ' पादत्राणांची जाहिरात आणि खटला

१९९५ मध्ये 'टफ' या पादत्राणांच्या जाहिरातीसाठी दासगुप्ता यांनी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे एक कृष्णधवल छायाचित्र टिपले. नागपूरमध्ये जन्मलेल्या मधू सप्रे १९९२ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर आल्या होत्या. मिलिंद सोमण हे मॉडेल होण्यापूर्वी राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते. या छायाचित्रात दोघांच्या अंगावर बुटांव्यतिरिक्त वस्त्र नव्हते आणि त्यांच्या देहांभोवती एक अजगर होता.

ही जाहिरात दोन नियतकालिकांत छापून आल्यावर मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने ऑगस्ट १९९५ मध्ये गुन्हा नोंदवला. दोन्ही मॉडेल, छायाचित्रकार दासगुप्ता, जाहिरातसंस्था आणि संबंधित नियतकालिकांचे प्रकाशक व वितरक यांना आरोपी करण्यात आले. अजगर हा संरक्षित प्राणी असल्याने त्याच्या वापराबद्दल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाहिरातसंस्थेविरुद्ध वेगळी तक्रार झाली.

अशा प्रकरणांत मुख्य आधार असे तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ चा. 'कामुक', किंवा वाचणाऱ्या-पाहणाऱ्याचे मन भ्रष्ट करणारे साहित्य विकणे व प्रसारित करणे हा या कलमानुसार गुन्हा होता. अश्लीलता नेमकी कशाने ठरवावी याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत नव्हते. ते न्यायालयांना प्रत्येक वेळी शोधावे लागे. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये 'हिक्लिन कसोटी' या नावाची १८६८ मधील इंग्रजी कसोटी काही फरकाने स्वीकारली होती. ज्यांची मने अशा प्रभावाला सहज बळी पडतील, त्यांच्यावर त्या साहित्याचा काय परिणाम होईल, हे तीत पाहिले जाई. १९६९ मध्ये कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना अपवाद मिळाला. जाहिरातीला हा कलेचा अपवाद लागू होतो का, हा प्रश्न मात्र अवघड राहिला. तेच छायाचित्र कलादालनाच्या भिंतीवर असते तर त्याकडे एका दृष्टीने पाहिले गेले असते. बूट विकण्यासाठी छापले गेल्यावर त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले.

महाराष्ट्राला असे खटले नवे नव्हते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. त्या मासिकातील मजकुरावरून कर्वे यांच्यावर १९३१ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये खटले झाले. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली होती. तरीही कर्वे यांना दंड झाला. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात मांडलेल्या 'लव्हर्स' या चित्रांमुळे खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेबद्दल लेखक चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. यातील तीन खटले लेखनावरचे आणि एक रंगचित्रांवरचा होता. छायाचित्राची गोष्ट काहीशी वेगळी आहे. रंगचित्रातील देह कल्पित असू शकतो. छायाचित्रासाठी खरी, नाव असलेली माणसे कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली असतात. त्यामुळे 'टफ' प्रकरणात छायाचित्रकाराबरोबर मॉडेलही आरोपी झाले.

हा खटला चौदा वर्षे रेंगाळला आणि २००९ मध्ये सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. दरम्यानच्या काळात उपग्रह दूरचित्रवाणी आणि आंतरजाल घरोघरी पोहोचले होते आणि जाहिरातीतील दृश्यभाषाही बदलली होती. पुढे, दासगुप्ता यांच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्षाने, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात हिक्लिन कसोटी बाजूला सारली. समकालीन समाजाच्या मापदंडाने आणि संपूर्ण संदर्भ लक्षात घेऊन अश्लीलता ठरवावी, असे न्यायालयाने सांगितले. तो खटलाही एका छायाचित्राबद्दलच होता. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांचे ते नग्न छायाचित्र १९९३ मध्ये कोलकात्याच्या नियतकालिकांनी पुनर्मुद्रित केले होते. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे तत्त्व त्यामुळे छायाचित्राच्या संदर्भात अधिक स्पष्ट झाले.

छायाचित्रसंग्रह

विमेन

'विमेन' हा दासगुप्ता यांचा पहिला ग्रंथ १९९६ मध्ये वायकिंग या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्यात शहरी भारतीय स्त्रियांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे आणि नग्नचित्रे आहेत. भारतीय शिल्पकलेत देहाचे चित्रण प्राचीन काळापासून आढळते. चित्रकलेतही नग्नचित्रणाचा अभ्यास कला महाविद्यालयांतून होत आला आहे. भारतीय छायाचित्रणात मात्र हा विषय घेऊन मोठ्या प्रकाशनसंस्थेने ग्रंथ काढण्याचे उदाहरण तोवर दुर्मिळ होते. 'टफ' प्रकरणाचा गुन्हा नोंदवला गेल्यानंतर वर्षभराच्या आसपास हा ग्रंथ आला, हे ध्यानात घेतल्यास त्यामागील जोखमीची कल्पना येते. एकीकडे छायाचित्रकारावर न्यायालयात अश्लीलतेचा आरोप होता आणि दुसरीकडे त्याच विषयावरील त्याचे काम ग्रंथरूपाने दुकानात उपलब्ध होते.

लडाख

२००० मध्ये वायकिंगनेच प्रसिद्ध केलेला 'लडाख' हा ग्रंथ विषयाच्या दृष्टीने पहिल्याहून अगदी वेगळा आहे. लडाखची छायाचित्रे म्हटली की निळे आकाश, रंगीत पताका आणि गोंपांचे लाल-पिवळे रंग डोळ्यांसमोर येतात. दासगुप्ता यांनी हा प्रदेश कृष्णधवल छायाचित्रांतून पाहिला. रंग वजा झाल्यावर डोंगरांचे पोत, ढगांच्या सावल्या आणि विस्तीर्ण पोकळी यांनाच महत्त्व येते. देहाच्या छायाचित्रांत त्यांनी जी दृष्टी वापरली, तीच येथे भूमीकडे वळली आहे, असे या दोन ग्रंथांची तुलना करताना दिसते.

एज ऑफ फेथ

२००९ मध्ये कोलकात्याच्या सीगल बुक्सने 'एज ऑफ फेथ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मजकूर इतिहासलेखक विल्यम डॅलरिंपल यांचा आहे. गोव्यातील कॅथलिक समाज हा त्याचा विषय आहे. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. या समाजाची बोली कोंकणी, धर्म कॅथलिक, घरांची रचना व आडनावे पोर्तुगीज वळणाची आणि नागरिकत्व भारतीय आहे. जुन्या पिढीला एका जगाची आठवण आहे आणि नव्या पिढीचे अनेक जण पोटापाण्यासाठी परदेशी गेले आहेत. पर्यटकांच्या गोव्यात समुद्रकिनारा आणि उत्सव दिसतो. घराघरांतील हा समाज सहसा दिसत नाही. दासगुप्ता यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून त्या समाजाचे, त्याच्या श्रद्धेचे आणि सरत चाललेल्या काळाचे चित्रण केले. ते स्वतः गोव्यात राहत असल्याने प्रवाशाच्या धावत्या नजरेऐवजी शेजाऱ्याची सावकाश नजर त्यांना लाभली.

लाँगिंग

'लाँगिंग' ही दासगुप्ता यांच्या उत्तरायुष्यातील कृष्णधवल छायाचित्रमालिका आहे. वेगवेगळ्या काळात आणि ठिकाणी टिपलेली ही वैयक्तिक छायाचित्रे असून तिचे स्वरूप दृश्य रोजनिशीसारखे आहे. येथे ग्राहक, वस्त्रसंकल्पक किंवा संपादक यांची मागणी नाही आणि एक ठरावीक विषयही नाही. जवळची माणसे, प्रवास, रिकाम्या जागा आणि स्मृती यांचे धागे तीत गुंफलेले आहेत. 'पॅरिस रिव्ह्यू' या ख्यातनाम वाङ्मयीन त्रैमासिकाने २०१२ मध्ये या मालिकेतील छायाचित्रे लेखक जेफ डायर यांच्या प्रास्ताविकासह प्रसिद्ध केली. जाहिरातीतून पुढे आलेल्या भारतीय छायाचित्रकाराच्या खासगी कामाला वाङ्मयीन नियतकालिकात असे स्थान मिळणे ही विशेष गोष्ट होती.

शैली

दासगुप्ता यांच्या कामाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह व्यावसायिक आहे. त्यात फॅशन आणि जाहिरात येते, आणि तो प्रसंगी रंगीतही असतो. दुसरा वैयक्तिक असून तो जवळजवळ पूर्णपणे कृष्णधवल आहे. या दोन्ही प्रवाहांत काही समान वैशिष्ट्ये आढळतात.

छायाप्रकाश : त्यांच्या छायाचित्रांत सावलीला प्रकाशाइतकेच स्थान असते. देहाचा किंवा चेहऱ्याचा काही भाग अंधारात ठेवून उरलेला भाग उजळण्याच्या पद्धतीमुळे आकाराला घनता येते.

साधेपणा : चौकटीत वस्तूंची गर्दी नसते. मोकळी भिंत, आकाश किंवा जमीन यांच्या पार्श्वभूमीवर एखादीच आकृती असते.

देहाची शिल्पात्मकता : नग्नचित्रांत देहाच्या रेषा, वळणे आणि पोत यांवर भर असतो. अनेक ठिकाणी देह आणि निसर्गरूपे यांत साम्य सूचित होते.

मुद्रा : त्यांच्या फॅशन छायाचित्रांतील स्त्रिया प्रेक्षकाला खूश करण्यासाठी हसताना क्वचितच दिसतात. त्या आत्ममग्न किंवा थेट नजर देणाऱ्या असतात.

कृष्णधवल माध्यमाची निवड ही केवळ जुन्या काळाची ओढ नव्हती. रंगीत छायाचित्रात डोळा प्रथम रंगाकडे जातो. फॅशनमध्ये तर कपड्याचा रंग हीच विकायची गोष्ट असते. रंग काढून घेतल्यावर आकार, पोत आणि भाव उरतात. ज्या कामात विकायचे काही नव्हते, तेथे दासगुप्ता यांनी हे माध्यम सातत्याने वापरले.

समकालीन छायाचित्रकार

दासगुप्ता यांच्या समकालीनांमध्ये मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे नाव मराठी वाचकांना विशेष परिचित आहे. दोघांच्या वाटचालीत लक्षणीय साम्य आहे. राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि लिंटास या जाहिरातसंस्थेतून छायाचित्रणाकडे वळले. दासगुप्ता इतिहासाचे पदवीधर होते आणि तेही जाहिरातसंस्थेतूनच आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोघांनीही नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. दृष्टी मात्र भिन्न होती. राजाध्यक्ष यांचा विषय चेहरा होता. चित्रपट, संगीत आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्तींच्या चेहऱ्यांतील प्रसन्नता ते मृदू प्रकाशात टिपत. त्यांच्या १९९७ मधील ग्रंथाचे नावही 'फेसेस' असेच आहे. दासगुप्ता यांचा ओढा देह, अवकाश आणि छाया यांकडे होता, आणि प्रसिद्ध व्यक्तीची ओळख पटवणे हा त्यांच्या वैयक्तिक कामाचा हेतू नव्हता. राजाध्यक्ष यांचे १३ सप्टेंबर २०११ रोजी निधन झाले. त्यानंतर अकरा महिन्यांनी दासगुप्ता गेले. भारतीय फॅशन छायाचित्रणाला प्रतिष्ठा मिळवून देणारे दोन महत्त्वाचे छायाचित्रकार असे एका वर्षाच्या आत हरपले.

मूल्यमापन

दासगुप्ता यांच्या कामाकडे दोन बाजूंनी पाहिले जाते. त्यांच्या चाहत्यांच्या मते त्यांनी भारतीय छायाचित्रणात देहाला संकोचातून मोकळे केले. देहाकडे हीन किंवा चाळवणाऱ्या नजरेने न पाहता सौंदर्य आणि आत्मभान यांचा विषय म्हणून पाहता येते, हे त्यांनी दाखवले. फॅशन छायाचित्रण हे केवळ मालाचे चित्र नसून त्यात छायाचित्रकाराची स्वतःची दृष्टी असू शकते, हेही त्यांच्यामुळे मान्य झाले.

दुसरी बाजू स्त्रीवादी समीक्षेने अशा छायाचित्रणाविषयी एकूणच उपस्थित केलेल्या प्रश्नांची आहे. छायाचित्रकार पुरुष आणि कॅमेऱ्यासमोरील देह स्त्रीचा असताना नजर कोणाची असते, असा हा प्रश्न आहे. जाहिरातीत तर हा देह वस्तू विकण्याचे साधन बनतो, आणि त्यात दिसणारे देह बहुधा तरुण, सडपातळ व शहरी असतात. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा केंद्रीय कायदा अशाच चिंतेतून आला होता. 'टफ'च्या जाहिरातीत स्त्री आणि पुरुष दोघेही समान रीतीने अनावृत होते. 'विमेन'मधील स्त्रिया कोणतीही वस्तू विकत नव्हत्या. तरीही हा प्रश्न पूर्णपणे मिटत नाही. त्याची चर्चा करण्याइतके गंभीर काम दासगुप्ता यांनी केले, ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखी आहे.

इटलीतील ब्रेशा येथील केन डेमी संग्रहालय आणि मिलान येथील कार्ला सोझानी कलादालन यांच्या संग्रहांत त्यांची छायाचित्रे आहेत. भारतात आधुनिक छायाचित्राला चित्र-शिल्पांच्या बरोबरीने संग्राह्य कलावस्तू मानण्याची प्रथा उशिरा रुजली. ती रुजवणाऱ्या पिढीत दासगुप्ता यांची गणना होते.

मृत्यू

१२ ऑगस्ट २०१२ रोजी रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथे हृदयविकाराच्या झटक्याने दासगुप्ता यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५५ होते. अखेरच्या काळापर्यंत ते कार्यरत होते.

प्रकाशित ग्रंथ

विमेन (वायकिंग, १९९६)

लडाख (वायकिंग, २०००)

एज ऑफ फेथ (मजकूर : विल्यम डॅलरिंपल, सीगल बुक्स, २००९)